महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर? मग जुनी डिझेल गाडी अशी निवडा

ज्यांचं पोट गाडीवर आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. औषध कंपनीचे एमआर, बियाणं-खताचे फिल्डवाले, फायनान्सची वसुली करणारे, लातूरला घर आणि नांदेडला नोकरी असलेले. मी बियाण्यांच्या धंद्यात आहे. खरीप तोंडावर आला की सकाळी अहमदपूर, दुपारी गंगाखेड, रात्री परभणी असा दिवस जातो. स्वतःसाठी जुन्या डिझेल गाड्या घेतल्या, आणि मग पाहुण्यारावळ्यांसाठी गाडी बघायला जाणं हे जणू माझंच खातं झालं.

बहुतेक जण रंग बघून गाडी घेतात, नाहीतर मीटरचा आकडा बघून. रनिंग जास्त असणाऱ्याला या दोन्हींचा उपयोग नाही. आधीचे किलोमीटर कसे झाले आणि त्याचा कागद आहे का, हे त्याला कळायला हवं. हायवेवर चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली सव्वा लाख किलोमीटरची गाडी ही गावातल्या गावात, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर झिजलेल्या साठ हजार किलोमीटरच्या गाडीपेक्षा मी केव्हाही आधी घेईन.

१. आधी वहीत हिशोब मांडा

डिझेल लागतंच का, इथून सुरुवात करा. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये धरू. तुमच्या पंपावरचा भाव घाला; परभणीकरांनी जरा जास्तच धरावा, इंधन मनमाडकडून लांबून येत असल्यानं तिथला भाव राज्यात कायम चढा असतो. पेट्रोल गाडी १५ चं अॅव्हरेज देत असेल तर किलोमीटरला ७ रुपये. त्याच आकाराची डिझेल २० चं देत असेल तर ४ रुपये ६० पैसे. फरक २ रुपये ४० पैशांचा.

महिन्याला २,५०० किलोमीटर असतील तर ६,००० रुपये वाचतात. ६०० किलोमीटर असतील तर १,४४०. एवढ्यासाठी डिझेल इंजिनातला महागडा इंधन पंप, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) गळ्यात बांधून घेऊ नका. माझा ठोकताळा असा: महिन्याला हजाराच्या आत रनिंग असेल तर पेट्रोल, दोन हजारांच्या पुढे डिझेल. मधल्यांनी रस्ता बघून ठरवावं. रोज एकदम ७०-८० किलोमीटर जाणं-येणं असेल तर डिझेल शोभतं. दिवसातून दहा वेळा शाळा-बाजार-दवाखाना असेल तर नाही.

सीएनजीचं विचाराल तर जिल्ह्याच्या गावात ठीक आहे. पण सगळे तालुके पालथे घालणाऱ्याला पंपाच्या भरवशावर निघता येत नाही, आणि सिलिंडरमुळे डिकीत सॅम्पलच्या पेट्या बसत नाहीत.

२. मॉडेल नंतर, आधी इंजिन निवडा

एक प्रश्न स्वतःला विचारा: ही गाडी रात्री पालम किंवा लोह्याच्या पुढे बंद पडली, तर सकाळी जवळच्या तालुक्याचा मिस्तरी तिला हात लावेल का? याचं उत्तर ‘हो’ असेल अशीच इंजिनं यादीत ठेवा.

मारुतीचं १.३ डीडीआयएस (१,२४८ सीसी). मुळात फियाटचं इंजिन. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा या सगळ्यांत हेच. टाटाच्या व्हिस्टा, झेस्टमध्ये ते क्वाड्राजेट नावानं आलं. एप्रिल २०२० पासून मारुतीनं डिझेल बंद केलं, पण गाड्या इतक्या आहेत की पार्ट कुठेही मिळतो आणि कुठलाही मिस्तरी डोळे झाकून उघडतो. दोन हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली जीव नाही, त्यामुळे ओव्हरटेकला गिअर टाकावाच लागतो. टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी इंजिनातली साखळी) आहे. मात्र ऑइल उशिरा-उशिरा बदलत गेलं की चेन ढिली पडते आणि सकाळी चालू करताना खडखड ऐकू येते.

टोयोटा इटिऑसचं १.४ डी-४डी (१,३६४ सीसी). दिसायला साधी, आत प्लास्टिकच प्लास्टिक, पण अॅव्हरेजला आणि टिकाऊपणाला तोड नाही. अडचण एकच: बाजारातल्या निम्म्या-अर्ध्या इटिऑस टॅक्सीत पळालेल्या असतात.

होंडाचं १.५ आय-डीटेक (१,४९८ सीसी). अमेझमध्ये २०१३ ला आलं, नंतर सिटीत. आवाज जास्त करतं, आत बसल्यावर कळतंच. पण अॅव्हरेज छान आणि टायमिंग चेन. शोरूमच्या सर्व्हिस सेंटरसाठी तालुक्यावरून जिल्ह्याला, कधी छत्रपती संभाजीनगरला जायची तयारी ठेवा.

ह्युंदाईचं १.४ आणि १.६ सीआरडीआय. व्हर्ना, आय-२०, २०१५ नंतरची क्रेटा. १.६ ला ताकद भरपूर, लांबच्या पल्ल्याला माझ्या मते या यादीत सगळ्यात सुखाची. क्लच आणि सस्पेन्शनकडे मात्र नीट बघा, आणि ताकद आहे म्हणून गाडी कशी हाणली असेल तेही.

इनोव्हा, बोलेरो, स्कॉर्पिओ यांच्याबद्दल मराठवाड्यात मी काय सांगणार! तीन लाख किलोमीटर झालेली इनोव्हा आपल्याकडे लोक नातेवाइकासारखी सांभाळतात. फक्त जुन्या २.५ इनोव्हाला टायमिंग बेल्ट (साखळीच्या जागी रबरी पट्टा) आहे, २०१६ च्या क्रिस्टापासून चेन आली. एकटा माणूस आणि एक बॅग घेऊन फिरायचं असेल तर एवढं मोठं धूड कशाला, हाही प्रश्न आहे.

बेल्ट असलेल्या गाड्यांबद्दल जरा थांबून सांगतो. डस्टर-टेरानोचं १.५ डीसीआय, फोर्डचं १.५ टीडीसीआय, फोक्सवॅगन-स्कोडाचं १.५ टीडीआय ही बेल्टवाली इंजिनं आहेत. वाईट अजिबात नाहीत. डस्टर खराब रस्त्यावर जशी जाते तशी दुसरी कुठली जात नाही. पण बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल मालकाकडे नसेल तर तो बदललेला नाही असं समजा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करा. फोर्डनं भारतातलं उत्पादन थांबवायचा निर्णय २०२१ मध्ये जाहीर केला, म्हणून त्या गाड्या स्वस्तात मिळतात. पण चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला असं होऊ नये. जवळच्या शहरात फोर्डचं काम जाणणारा मिस्तरी असेल तरच त्या वाटेला जा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी असते. लांब पल्ल्याला ती आपोआप जळून साफ होते, गावात फिरून तुंबते. म्हणजे तुमच्या रनिंगला ती चालेल, आधीच्या मालकाच्या रनिंगला चालली का ते बघायचं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायची सळई) ऑइल खुणेच्या वर गेलेलं आणि त्याला डिझेलचा वास असेल तर जाळी अर्धवट जळत राहिली आहे. काही जण ती कापूनच टाकतात. अशी गाडी घेऊ नका, पीयूसीपासून पुढे सगळीकडे अडाल. मोठ्या गाड्यांत डीईएफचं (धुरातले विषारी वायू कमी करणारं द्रव) वेगळं टाकं असतं, ड्रायव्हर लोक त्याला ‘युरिया’ म्हणतात. आमच्या धंद्यातली माणसं हे ऐकून कृषी केंद्रातल्या ४५ किलोच्या गोणीकडे बघतात म्हणून सांगतो: तो नीम लावलेला शेतीचा युरिया आहे, तो पाण्यात कालवून टाक्यात घातला की हजारोंचा खर्च.

३. बजेटमधून आधी दुरुस्तीचे पैसे बाजूला काढा

चार लाख असतील तर साडेतीनची गाडी बघा. उरलेल्यातून टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, फिल्टर, कधी क्लच. जुनी डिझेल पहिल्या तीन महिन्यांत पैसे मागतेच. वय पाच ते नऊ वर्षांचं धरा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर पुन्हा पासिंग, वाढीव फी आणि पर्यावरण कर. बाराव्या वर्षाची गाडी घेऊन तुम्ही ती तीन वर्षांनी कोणाला विकणार?

४. कुठली गाडी बघायलाही जायचं नाही

दिल्ली-हरियाणा पासिंगची. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, त्यामुळे तिकडच्या गाड्या ट्रकवर चढून आपल्याकडे येतात. फोटो बघून जीव वेडा होतो. मग तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स (महाराष्ट्रात डिझेलला तो पेट्रोलपेक्षा जास्त आहे), नवीन नंबर आणि हेलपाटे. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर नोंदणी बदलून घ्यावीच लागते. ‘चालतंय की हो, कोण बघतंय’ म्हणणारा दलाल पोलिसांनी अडवल्यावर फोन उचलत नाही.

टॅक्सीची खासगी केलेली गाडी. पिवळी पाटी पांढरी होते, झिजलेलं इंजिन तसंच राहतं. कंपनीच्या कामगारांची ने-आण करत तीन पाळ्यांत पळालेल्या गाड्या वाळूज-शेंद्र्याच्या एमआयडीसीकडून बऱ्याच येतात. पाटीच्या मागची जुनी भोकं, मागच्या सीटची जास्त झीज, छताच्या कापडाला कडेला लागलेलं तेल यावरून ओळखू येते.

कोकण-मुंबईकडची गाडी घ्यायला हरकत नाही, पण खालून गंज बघा. आपल्या कोरड्या हवेत जे होत नाही ते एमएच ०७, ०८ पासिंगच्या गाडीला चार पावसाळ्यांत होतं.

फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्या लिलावात मिळतात. तिथे गाडी चालवून बघता येत नाही. पहिली गाडी घेणाऱ्यानं तिकडे फिरकू नये.

राहिला प्रश्न चांगली गाडी कुठे मिळते याचा. माझं उत्तर: सर्व्हिस सेंटरच्या सुपरवायझरला विचारा. कुठला मालक दर वेळेला वेळेवर येतो आणि आता मोठी गाडी घ्यायच्या विचारात आहे, हे त्याला माहीत असतं. आणि हो, विकणारा प्रत्येक जण ‘डॉक्टरची गाडी आहे भाऊ, सिंगल हँड’ म्हणतो. मराठवाड्यात इतके डॉक्टर असते तर दवाखान्यात नंबर लावायला लागला नसता.

५. फोनवरच अर्धं काम उरका

गाडीचा नंबर मागा. नंबर द्यायला कां-कू करणाऱ्याला रामराम करा. एम-परिवहन अॅपवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा कधीपर्यंत, कर्जाची नोंद आहे का, हे सगळं दिसतं. राज्याच्या वाहतूक ई-चलनच्या साइटवर दंड बघा. समृद्धीवर १२० च्या वर पळवणाऱ्यांची तिथे लांबलचक यादी निघते. दंड भरल्याशिवाय ट्रान्सफर पुढे सरकत नाही.

मालकाकडे काय काय आहे ते फोनवरच विचारा:

- मूळ आरसी (झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो नको)
- चालू विमा आणि मागच्या वर्षाची पॉलिसी. त्यात क्लेम घेतल्याचं कळतं
- पीयूसी
- सर्व्हिसची बिलं किंवा सर्व्हिस बुक
- दोन्ही चाव्या
- कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा)
- एचएसआरपी (जास्त सुरक्षेची) नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला ती बसवली आहे का ते बघा, नसेल तर आरटीओचं काम अडतं
- मालकाचं आधार, पॅन

आरसीवरचं नाव आणि समोरचा माणूस एकच हवा. ‘वडिलांच्या नावावर आहे’ म्हणाला तर वडील हयात आहेत का विचारा, संकोच करू नका. नसतील तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हायला लागते, त्याला फॉर्म ३१ आणि वारसांची कागदपत्रं लागतात. ते काम त्यानं आधी करून घ्यावं, मग आपण बोलू.

६. सकाळी जा, इंजिन थंड असताना

‘मी नऊला येतो’ म्हणा आणि साडेसातला जा. पोचल्यावर राम राम झाला की पहिलं काम बॉनेटवर हात ठेवणं. कोमट लागलं तर गाडी आधीच चालू करून ठेवली होती, म्हणजे सकाळच्या स्टार्टिंगला काहीतरी आहे. चहा घ्या, गप्पा मारा, पुन्हा दुसऱ्या दिवशी या. शक्य असेल तर हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. परभणीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा जे डिझेल इंजिन एका हिसक्यात चालू होतं, त्याचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबायची ताकद) आणि हीटर प्लग दोन्ही ठीक आहेत असं समजायला हरकत नाही. मे महिन्यात सगळ्याच गाड्या चटकन चालू होतात.

चालू करण्याआधी डिपस्टिक ओढा. डिझेलचं ऑइल काळं असतं, त्याला घाबरू नका. दोन बोटांत चोळून बघा: कचकच लागतं का, डांबरासारखं घट्ट झालंय का. कूलंटचं झाकण थंड असतानाच उघडा. त्यावर तेलाचा तवंग किंवा कॉफीच्या रंगाची साय दिसली तर हेड गॅस्केटचं (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) काम आहे. तिथूनच परत फिरा.

आता एका माणसाला सायलेन्सरमागे उभं करा आणि गाडी चालू करायला सांगा. सुरुवातीला थोडा धूर आला आणि विरला तर ठीक. रेस केल्यावर काळा धूर येत राहिला तर नोझल, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा हवेचा फिल्टर. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय: टर्बो नाहीतर पिस्टनच्या रिंगा. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर न जळलेलं डिझेल किंवा आत जाणारं कूलंट.

मग सगळ्यात महत्त्वाचं. इंजिन पाच मिनिटं चालू राहू द्या आणि ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच ठेवा. थोडं थरथरेल, हलकीशी वाफ येईल, तेवढं चालतं. झाकण उडायला लागलं, भकाभका वाफ यायला लागली तर मिस्तरी ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतात ते हेच. पिस्टन-रिंगा झिजल्या आहेत, इंजिनचं काम जवळ आलंय. रंग, सीट, म्युझिक सिस्टीम सगळं विसरा. तुम्हाला पुढची लाखभर किलोमीटर याच इंजिनावर काढायची आहेत.

७. ठोकलेली आणि बुडालेली गाडी ओळखणं

ठोकलेली ओळखायला बॉनेट आणि दरवाज्यांचे बोल्ट बघा. पाना लागलेल्या बोल्टचा रंग उडालेला असतो. दरवाज्याचं रबर ओढून आतल्या पिलरची कड बघा. कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर गोल असतात, गॅरेजचे खडबडीत. बंपर, फेंडर रंगवलेला असला तर मनावर घेऊ नका, आपल्या रस्त्यावर म्हशी आणि ट्रॅक्टर दोन्ही आहेत. पिलर आणि पुढची चेसिस वाकून सरळ केलेली असली तर मात्र गाडी सोडा.

बुडालेली गाडी जास्त घातकी. सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, सिंदफणा, सीना या नद्यांनी बीड, धाराशिव, लातूर, नांदेडकडे जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या कुठे तरी जाणारच. एका मित्रासाठी गाडी बघायला गेलो होतो. आतून चकचकीत, सीटला नवी कव्हरं, सेंटचा वास. मी ड्रायव्हरच्या शेजारचा सीटबेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर आडवी, फिकट तपकिरी रेघ होती, आणि नखानं खरवडल्यावर काळ्या मातीची भुकटी निघाली. मालक म्हणाला, ‘शेतात जाते ना गाडी.’ शेतात गेलेल्या गाडीचा सीटबेल्ट रोलाच्या आत कशाला भिजेल? मित्राला डोळ्यानं खूण केली आणि निघालो.

सीटबेल्टखेरीज सीटच्या खालची रुळं, स्टेपनीचा खड्डा, मॅटखालचा फोम आणि फ्यूज बॉक्समधल्या पिना बघा. अशी गाडी महिना-दोन महिने चालते, नंतर वायरिंग एकेक करून जातं आणि कुठलाच स्कॅनर नक्की सांगत नाही.

८. मीटरचा आकडा पुराव्यानं तपासा

मीटर मागे करणं हे अर्ध्या तासाचं काम झालंय. त्यामुळे आकड्याकडे नाही, आकड्याच्या साक्षीदारांकडे बघा.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन रेकॉर्ड विचारा. काही ठिकाणी मालक सोबत लागतो, म्हणून त्यालाच घेऊन जा. दोन नोंदींमधलं अंतर बघा: दर सहा महिन्यांनी १२-१५ हजार वाढत गेलं आणि मग एकाएकी तीन वर्षांत चारच हजार वाढलं, तर मधे बोट घातलंय. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. मीटर म्हणतं ३५ हजार आणि गाडी २०१८ ची, पण चारही टायर २०२३ चे? मग आधीचे टायर कशानं झिजले? क्लच पेडलचं रबर, स्टेअरिंगची डावी-उजवी कड, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची बाजू हेही बघा. स्टेअरिंगवर नवं कव्हर असेल तर ते काढायला लावा.

कागद चोख असलेली दीड लाख किलोमीटरची गाडी आणि कागद नसलेली सत्तर हजार किलोमीटरची गाडी एकाच भावात मिळत असेल तर पहिली घ्या. लोक हसतील. हसू द्या.

९. चालवून बघा, गल्लीत नाही

किमान २०-२५ किलोमीटर, त्यातला काही हायवे आणि काही खराब रस्ता. बीडकडे असाल तर मांजरसुंब्याचा घाट, धाराशिवकडे तुळजापूरचा, संभाजीनगरकडे कन्नडचा. घाट नसेल तर उड्डाणपुलाचा चढ चालेल.

चौथ्या गिअरवर ४० च्या वेगानं जाताना अॅक्सिलेटर पूर्ण दाबा. आरपीएम झरकन चढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट संपली. १,८०० ते २,००० आरपीएमच्या आसपास टर्बोचा धक्का पाठीला जाणवायला हवा. शिट्टीसारखा नाहीतर सायरनसारखा आवाज नको. ८०-९० ला हात हलका ठेवून बघा, गाडी एका बाजूला ओढते का. खराब रस्त्यावर काच खाली, म्युझिक बंद: कट-कट म्हणजे लिंक रॉड किंवा बुश, धाड-धाड म्हणजे शॉकअप किंवा लोअर आर्म, वेगाबरोबर वाढणारी घरघर म्हणजे बेअरिंग. हे सगळे सुटणारे खर्च आहेत, भाव पाडायला उपयोगी पडतात. इंजिन-गिअरबॉक्सचा दोष मात्र भाव पाडून घेऊ नका.

शेवटी एसी फुल्ल करून गाडी वीस मिनिटं जागेवर उभी ठेवा आणि तापमानाचा काटा बघा. एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांत टोलवर किंवा रेल्वे गेटला उभं राहायचंय तुम्हाला.

एवढं पास झालं की मग मिस्तरी. मालकाच्या ओळखीचा नाही, आपला. स्कॅनर लावायला सांगा; नुकतेच पुसलेले कोड असतील तर चांगल्या माणसाला तेही कळतं. गाडी लिफ्टवर घेऊन खालून गळती, एक्सलचे बूट, इंटरकूलरच्या पाइपातलं ऑइल बघा. त्याची मजुरी आधी ठरवून द्या. गाडी पास केली तर कमिशन मिळणारा मिस्तरी नेहमी पासच करतो.

१०. व्यवहार: इसार, पैसे, आरटीओ

इसार कमी द्या आणि कागदावर लिहून घ्या, कधीपर्यंत काय देणार ते. आपल्याकडे बॉण्डवर सही-अंगठा झाला की गाडी आपली झाली असं लोक मानतात. बॉण्ड म्हणजे दोघांतला करार; मालक कोण ते आरटीओची नोंद ठरवते. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताची जबाबदारीही त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. हे विक्रेत्याला सांगा, तो स्वतःच ट्रान्सफरची घाई करेल.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, ज्याला एजंट टीटी फॉर्म म्हणतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ‘नंतर करू’ म्हणू नका; विक्रेता पुण्याला राहायला गेला की एका ओटीपीसाठी महिनाभर फिराल. कायद्यानं विक्रेत्यानं १४ दिवसांत (परराज्यात विकली तर ४५) आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. परिवहनच्या साइटवर आधार वापरून बरंच काम घरबसल्या होतं. कर्जाची नोंद असेल तर आधी ती उतरू द्या, पूर्ण रक्कम नंतर. कर्ज बाकी असेल तर पैसे मालकाच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरा आणि पावती घ्या.

पैसे बँकेतून. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, दंड घेणाऱ्याला बसतो. बँकेची नोंद तुमच्याही कामाची. ताबा घेताना डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहा. ताबा सकाळी अकराला घेतला असेल तर अकराच्या आधी गाडीनं कुठे काही केलं असेल ते तुमचं नाही.

११. पहिल्या आठवड्यात

विमा. ट्रान्सफरपासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर घ्या. थर्ड पार्टी कव्हर (दुसऱ्याच्या नुकसानीचं) आपोआप येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम जुन्या नावावर मिळत नाही. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची सूट) त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते.

मग गॅरेज. मालकानं परवा सर्व्हिस केली असं शपथेवर सांगितलं तरी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि डिझेल फिल्टर बदला. डिझेल फिल्टरखाली साचलेलं पाणी पहिल्यांदा काढाल तेव्हा ते काचेच्या ग्लासात घ्या; पाणी, गंज किती निघतो त्यावरून आधीचा माणूस कुठल्या पंपावर भरत होता ते कळेल. आपण एकदोन खात्रीचे, गर्दीचे पंप ठरवून घ्यायचे. कॉमन रेल (एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या) इंजिनाच्या नोझलला पाणी आणि कचरा चालत नाही, आणि चार नोझल एकदम बदलायची वेळ आली तर वर्षभरात वाचवलेले डिझेलचे पैसे एका बिलात जातात.

टायर सहा वर्षांच्या वरचे असतील तर नक्षी शिल्लक असली तरी बदला. समृद्धीच्या काँक्रीटवर उन्हाळ्यात जुना टायर फुटतो, आणि १०० च्या वेगात पुढचा फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

डॅशबोर्डच्या खणात एक छोटी वही ठेवा. दर वेळी टाकी फुल्ल, किलोमीटर, लिटर. अॅव्हरेज महिन्याभरात दोनानं घसरलं तर धूर दिसायच्या आधी वहीत कळतं. ऑइल १०,००० ला सांगितलं असेल तर धूळ आणि उन्हाचा विचार करून मी ८,००० ला बदलतो, आणि त्याचं बिल त्याच वहीत टाचतो. पुढे गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा ते मागेल.